‘आलो’ आणि ‘आले’

मावळात भजनाला बसलं की अभंगांमागून गौळण येतेच. दिवसभर भातलावणी करून आलेला गडी, मिशा पिळदार, टोपी कपाळावर ओढलेली, गळ्यात टाळ अडकवून गवळण होतो आणि कृष्णाची तक्रार मांडतो. ज्ञानोबांच्या विराण्या, नाथांच्या गौळणी, सगळीकडे पुरुषाच्या तोंडी बाईचा ‘मी’. मंडपात कुणाची भुवई वर जात नाही. पण त्याच गड्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून येऊन दप्तर टाकताना ‘आई, मी आले’ म्हणाला, तर? पहिल्या दिवशी घर हसतं. चौथ्या दिवशी दटावतं : ‘आले नाही, आलो म्हणायचं!’

इंग्रजीत लिंगओळखीच्या सर्वनामांचा वाद दुसऱ्यांनी आपल्याला काय म्हणावं, एवढ्यावर चालतो. आपल्याकडे ‘मी’ म्हटलं की पुढचं क्रियापद बहुतेकदा लिंग सांगून मोकळं होतं. म्हणून गोंधळलेलं किंवा घाबरलेलं मूल ‘मी’च टाळू लागतं. ‘मला भूक लागलीय’, ‘मला झोपायचंय’, ‘मला नको’. या वाक्यांत काही उघडं पडत नाही. घरातलं पोर नुसतं ‘मला’वर आलं असेल, तर ते हट्टी झालंय असं समजण्याआधी थोडं थांबावं.

खरं तर आपली भाषा आपल्यापेक्षा उदार आहे. लेकीला ‘ये रे राजा’ म्हणताना आपण विचार करत नाही, आणि कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’ म्हणून खुशाल निघतात. मग मुलाने मागितलेलं क्रियापद घरात वापरायला काय हरकत आहे? काही मुलं त्यावर ठाम राहतात, काही पुढे वेगळं काही सांगतात. ‘आले’ उद्या ‘आलो’ होऊ शकतं, काहीही मोडत नाही. पालक मात्र क्रियापदावरून एका उडीत ऑपरेशनवर पोहोचतात. औषधं, शस्त्रक्रिया हा नंतरचा, डॉक्टरांसोबतचा, सावकाशीचा विषय. आज मूल फक्त बोलतं आहे.

घर काय करू शकतं, हे दोन तृतीयपंथी कार्यकर्त्यांच्या आयुष्यात दिसतं. गौरी सावंत पुण्यात पोलीस अधिकाऱ्याच्या घरी जन्मल्या आणि कोवळ्या वयात घर सोडून मुंबईला गेल्या. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं सत्य कळल्यावर त्यांचं घरही हादरलं, पण घरच्यांनी त्यांना बाहेर काढलं नाही. तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार देणाऱ्या 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाशी दोघींची नावं जोडलेली आहेत. न्यायालयापर्यंत दोघीही पोहोचल्या, मात्र एकीला घर मागे टाकून निघावं लागलं. तो रस्ता किती मुलांना गिळतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

2019च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने एक गोष्ट लिहून ठेवली : केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून मुलाला, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, आईवडिलांपासून तोडायचं नाही. पण एकाच छपराखाली राहूनही मूल तुटू शकतं, तिथे कलम काय करणार? देवऋषी गाठणारे आहेतच. ‘मुलाला सरळ करून देतो’ म्हणणारे डॉक्टरही भेटतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली असल्या ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, हे अशा दवाखान्याची पायरी चढण्याआधी लक्षात ठेवावं.

लोक काय म्हणतील, ही भीती खोटी नाही. कामशेतच्या बाजारात, गणपतीत जमलेल्या भावकीत लोक म्हणतीलच. पण ते ओझं मोठ्यांचं आहे, ते पोराच्या दप्तरात कशाला? चुलत्याला सांगायचं का, हेही आधी मुलाला विचारावं. ते ‘एवढ्यात नको’ म्हणालं, तर नको.

आणि शाळेत जावं. रांगा मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या, स्वच्छतागृहं तशीच. अशी मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, म्हणजे जावं लागत नाही. संध्याकाळी डब्याशेजारची बाटली भरलेली परत येते. मुलाला चालणार असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरू देण्याची परवानगी मागावी. एवढ्यासाठी कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.