पाण्याची वाट



२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण नागपूरकर विसरलेलो नाही. मध्यरात्रीनंतर आभाळ फाटले आणि अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलावाचा सांडवा भरून वाहू लागला. नागनदी आपल्या काठांत मावेना. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. सीताबर्डीच्या मोरभवन स्थानकात बसगाड्या बुडाल्या. बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले. चार जणांचे प्राण गेले.

त्या आठवड्यात आपण चादरी दिल्या, धान्य दिले, चिखल उपसायला हात लावला. ते चांगलेच केले. पण चिखल वाळला तसा तो विषयही आपल्यापुरता संपला. आज आम्ही तो पुन्हा काढतो आहोत, कारण एक प्रश्न उरला आहे. हा अपराध कोणाचा?

पाऊस फार झाला हे खरे. पण पाण्याला जायला वाट राहिली नव्हती, हेही तितकेच खरे. नदी म्हणजे दोन काठांमधले पाणी एवढेच नव्हे. तिच्या बाजूची सखल, दलदलीची जमीनही तिचीच असते. पावसाळ्यात ती जमीन पाणी पोटात घेते आणि सवडीने सोडते. आपल्याला मात्र ती जागा रिकामी दिसली. कोणी भर घालून प्लॉट पाडले. कोणी कंपाउंडची भिंत दोन फूट पुढे सरकवली. कुठे नाल्यावर स्लॅब पडला, कुठे रस्ता आडवा गेला आणि त्याखाली पाण्यासाठी अरुंद पाइप ठेवला गेला. नदीला दोन्ही बाजूंनी भिंती बांधून तिचा नाला केला, आणि मग आपणच तिला नाला म्हणू लागलो. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिच्याजवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

यात मोठा गुन्हेगार शोधू गेले तर सापडत नाही. प्रत्येकाने थोडेच घेतले. पुष्कळांकडे मंजुरीचा कागदही आहे. म्हणून प्रत्येकाला वाटते, माझ्या दोन फुटांनी काय होणार? पण त्या दोन-दोन फुटांची बेरीज पाण्याने त्या पहाटे करून दाखवली.

जे नुकसान सर्वांनी मिळून केले, त्याचे उत्तर कोणीच द्यायचे नाही का? आम्हाला वाटते, इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. पूरग्रस्ताला चादर देणे ही दया आहे. घेतलेली जागा सोडणे ही परतफेड आहे. दया केल्याने परतफेड फिटत नाही. चोरीचा माल घरात ठेवून केलेला पश्चात्ताप पुरा होत नाही, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. जक्कय नुसता रडला नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन, असे तो सर्वांसमोर उभे राहून म्हणाला.

पाण्याची जागा परत देता येते का? येते, आणि याचे उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात आहे. तिथे किसिमी नावाची नदी सुमारे १६५ किलोमीटर वळणे घेत दलदलीतून वाहत असे. पूर आवरण्यासाठी १९६२ ते १९७१ या काळात तिचा सुमारे ९० किलोमीटरचा सरळ कालवा करण्यात आला. काठची दलदल सुकली, पाणपक्षी निघून गेले. चूक उमगल्यावर तिथल्या लोकांनी नदीकाठच्या जमिनी मालकांकडून विकत घेतल्या, १९९९ पासून कालव्याचा मोठा भाग पुन्हा बुजवला आणि नदीला जुन्या वळणांवर सोडले. हे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले. पाणपक्षी परत आले. खोदायला नऊ वर्षे लागली होती, निस्तरायला बावीस लागली.

त्याच राज्यात एव्हरग्लेड्स नावाचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. १९२८ साली खुला झालेला टामियामी रस्ता त्यातून आडवा गेला आणि उत्तरेकडून संथ सरकत येणाऱ्या पाण्याला तो बांधासारखा ठरला. लोकांना रस्ता हवाच होता. म्हणून तो मोडून न टाकता काही ठिकाणी पुलांवर उचलून घेतला. पहिला पूल २०१३ मध्ये आणि पुढचे २०१९ पर्यंत झाले. आता वरून गाड्या जातात, खालून पाणी जाते. म्हणजे माणूस की पाणी, असा वाद प्रत्येक वेळी घालावा लागत नाही. दोघांना पुरेल असा खर्च करण्याची तयारी मात्र लागते.

आपल्याकडेही थोडी सुरुवात झाली. पुरानंतर पीडित नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. तलावाखालचा अरुंद पूल पाडून तिथे रुंद पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले. पण पुलाखालून सुटलेल्या पाण्याला पुढेही वाट हवी, आणि ती आपल्या सर्वांच्या दारांवरून जाते.

खरी कसोटी इथेच आहे. पाण्याची वाट मोकळी करायची असे ठरले की यंत्र पहिल्यांदा कुठे पोचते? नाल्याकाठच्या झोपडीपाशी. तिथला माणूस हौसेने राहायला गेलेला नाही. त्याला दुसरीकडे जागा परवडली नाही. पक्क्या भिंतीवाल्याजवळ वकील असतो, झोपडीवाल्याजवळ आठ दिवसांची नोटीस. त्याला दुसरे घर न देता उठवणे ही परतफेड नव्हे, नवा अन्याय आहे. ज्याने जास्त घेतले त्याने आधी सोडावे, आणि ज्याचे छप्पर जाते त्याला आधी छप्पर मिळावे. याच क्रमाने गेलो तर पाण्याला न्याय देताना माणसावर अन्याय होणार नाही.

खाली राहणाऱ्यांचाही विचार करू. नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. आपल्या मोरीतले पाणी त्या धरणापर्यंत पोचते. तिथल्या कोळी-ढिवरांनी आपले काय बिघडवले आहे? शेजारी म्हणजे केवळ भिंतीपलीकडचा नव्हे. आपले पाणी ज्याच्या दारात जाते तोही शेजारीच.

कायदा पाहून घेईल, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. फुटाळा तलावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो मानवनिर्मित असल्याने नियमांच्या व्याख्येनुसार ‘पाणथळ’ ठरत नाही, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. पण अशी जलाशयेही जनतेची ठेव आहेत आणि ती सांभाळली पाहिजेत, हेही सांगितले. व्याख्या ठरवणे न्यायालयाचे काम आहे. ठेव सांभाळणे आपल्या सर्वांचे.

मग आपण काय करावे? आम्ही फार मोठे सांगत नाही. या रविवारी घरी गेल्यावर आपल्या घराभोवती एक फेरी मारा. पावसाचे पाणी पूर्वी कुठून जात होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अंगणातली एखादी फरशी काढून माती मोकळी करता येते का, पाहा. आपली भिंत नाल्यात गेली असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. आपल्या चर्चच्या आवारातही किती जमीन सिमेंटखाली गेली आहे, हे आपण मिळून मोजू या. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी सुरुवात तिथून व्हावी.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा आपली वाट शोधत येईल. तोवर आपण किती जागा सोडलेली असेल?