कठोर बोलणे पाप आहे का?



कठोर बोलणे हे नेहमीच पाप असते का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आपली आकाशवाणी सरकारी. रेडिओवरून सत्ताधाऱ्यांना फैलावर घेण्याची सोय तिथे नव्हती. ते काम आचार्य अत्रे यांनी व्यासपीठावरून आणि १९५६ साली सुरू केलेल्या ‘मराठा’ दैनिकातून केले. त्यांच्या शब्दांनी अनेक जण घायाळ झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी पंडित नेहरूंवरही टीकेची झोड उठवली. पण १९६४ साली नेहरू गेले, तेव्हा त्याच अत्र्यांनी ‘सूर्यास्त’ ही लेखमाला लिहून त्यांना श्रद्धांजली वाहिली.

अमेरिकेत रेडिओवर असाच गाजलेला एक वक्ता तर कॅथलिक धर्मगुरू होता. फादर चार्ल्स कॉफलिन हे मिशिगन राज्यातील रॉयल ओक येथील धर्मग्रामाचे प्रमुख. १९२६ साली ते रेडिओवर बोलू लागले. पुढे मंदीच्या काळात गरिबांची बाजू घेऊन त्यांनी बँकवाल्यांना धारेवर धरले. लाखो लोक त्यांना ऐकत. पण हळूहळू रोख बदलला आणि सगळा दोष ते ज्यू समाजाला देऊ लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, तरी त्यांनी ज्यूंनाच बोल लावला. १९४० साली त्यांचे कार्यक्रम बंद पडले. १९४२ साली त्यांच्या आर्चबिशपांनी त्यांचे राजकीय कार्य थांबवले.

दोघेही रागावून बोलले. मग फरक कोठे?

संत थॉमस अक्वायनस रागाला सरसकट पाप म्हणत नाहीत. अन्याय पाहूनही राग न येणे हासुद्धा दोष ठरू शकतो, अशी त्यांची शिकवण. मात्र राग विवेकाच्या आज्ञेत हवा. मला वाटते, त्याची खूण अशी : राग एखाद्याच्या कृत्यावर असतो. कृत्य सुधारता येते, म्हणून रागाला शेवट असतो. द्वेष माणसाच्या जन्मावर असतो. जन्म कोण बदलणार? म्हणून द्वेषाला शेवट नसतो. कॉफलिन यांची सुरुवात न्याय्य रागाने झाली. तो द्वेष कधी झाला, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही ध्यानात आले नाही.

हे दूरचे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आरक्षणाच्या वादात आपल्याच जिल्ह्यात, बीड व माजलगावात, घरे पेटली. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. पारावर बसल्याबसल्या एकाचे कडवट बोलणे शंभर जणांपर्यंत पोहोचते. पुढे पाठवणाराही त्यात वाटेकरी असतो.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. कोणाविषयी कडक बोलण्यापूर्वी किंवा तसे काही पुढे पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारू या : या माणसाने उद्या चूक सुधारली, तर माझा राग संपेल का? उत्तर ‘होय’ असेल, तर निर्भयपणे बोला. ‘नाही’ असेल, तर आधी प्रभूसमोर गुडघे टेका.

आपला,
फादर