फराळाचे ताट

दिवाळीत शेजारच्या घरातून आमच्याकडे फराळाचे ताट येते आणि नाताळात तेच ताट आमच्या करंज्या घेऊन परत जाते. आमच्या ख्रिस्ती घराचा हा रिवाज माझ्या जन्माआधीचा आहे. त्यांच्या चकलीने माझी श्रद्धा डळमळली नाही, आणि आमच्या करंजीने त्यांची तुळस सुकली नाही.

पण शब्दांचे ताट इतक्या सहज पोहोचत नाही. मी विशीत असताना शेजारच्या काकूंचा मुलगा विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. मी संध्याकाळी जाऊन बसलो. "प्रार्थना करू का?" असे विचारले; काकूंनी मान हलविली. प्रार्थना झाली. तेथेच थांबायला हवे होते. पण मी खिशातून एक लहानसे पुस्तक काढले आणि ख्रिस्ताला शरण गेल्यास काय लाभते, ते सांगू लागलो. काका हळूच म्हणाले, "अरे, तू आलास तेवढ्याने बरे वाटले होते."

त्या 'होते'ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

मी खोटे तर बोललो नव्हतो. जे मला अमोल वाटते ते शेजाऱ्यापासून लपवावे, हाही एक कद्रूपणाच. मग चुकले कोठे? मुलाच्या उशाशी बसलेल्या त्या आईला 'नको' म्हणण्याची मोकळीक नव्हती, आणि मी नेमकी तीच वेळ साधली होती.

फादर स्टीफन्स १५७९ साली लिस्बनचा किनारा सोडून गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापून निघाले. दुसऱ्याची भाषा एवढ्या प्रेमाने शिकणे हे त्याला केलेले नमनच आहे. पण त्याच गोव्यात देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशन बसले होते. ओवी कितीही गोड असो; मागे सत्ता उभी असली, तर ऐकणाऱ्याच्या 'हो'ची किंमत कशी करावी?

याउलट लक्ष्मीबाई टिळक पाहा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. पुढे दोघे एकत्र आले, तरी बाईंचे सोवळे काही काळ चालूच होते. ते सुटले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्यांच्या 'हो'पेक्षा त्याआधीच्या त्या पाच वर्षांचे मोल अधिक वाटते. त्या 'नाही'तूनच त्यांचा 'हो' खरा ठरला.

काकूंचा मुलगा बरा झाला. कित्येक वर्षांनी एका नाताळात करंज्या घेऊन गेलो, तेव्हा काकूंनीच विचारले, "काय रे, खिळे ठोकणाऱ्यांना तुमच्या येशूने क्षमा केली म्हणतात, ते कसे जमले असेल?" आम्ही ओटीवर दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो. मी सांगितले, त्यांनी ऐकले, मग त्यांनी एकनाथांच्या अंगावर थुंकणाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि मी ऐकली.

काकू अखेरपर्यंत तुळशीला पाणी घालीत राहिल्या. मला त्याचे वाईट वाटले का? खरे सांगायचे तर, थोडे वाटले; माझी श्रद्धा तेवढी तरी खरी आहे. पण ताट द्यावे, ते शेजारी खातो की नाही हे पाहत दारात उभे राहू नये. आणि त्याचे ताट आले, की आपणही ते दोन्ही हातांनी घ्यावे.