हातभट्टीवाल्याचा पर्यावरणवाद

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलवरून २०२५ च्या पावसाळ्यात जो गदारोळ उठला, त्यात इंधनाबद्दल कमी आणि एकमेकांच्या हेतूंबद्दल जास्त बोलले गेले. गाडीचे अॅव्हरेज घटले म्हणणारा तेलवाल्यांचा हस्तक ठरला. नितीन गडकरींनी तर आपल्याविरुद्धची मोहीम पैसे देऊन चालवलेली असल्याचे सांगितले. उलट इथेनॉलची बाजू घेणारा प्रत्येक जण साखरसम्राटांच्या पंक्तीला जेवलेला. या धुरळ्यात आमच्या एका विद्वान मित्राने भर व्याख्यानात निकाल देऊन टाकला : पर्यावरण हा मुखवटा, प्रत्येक हिरव्या धोरणामागे कुणाचा तरी गल्ला असतो. टाळ्या पडल्या.

मित्राचे म्हणणे खोटे नाही, अर्धे आहे. आणि ते अर्धेही त्याने ज्याच्याकडून उचलले त्याचे नाव घेतले नाही, हे मला जास्त खुपले.

तो माणूस म्हणजे ब्रूस यँडल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनमध्ये काम केलेल्या या अर्थतज्ज्ञाने १९८३ साली एक छोटासा लेख लिहिला. रविवारी दारूविक्रीला बंदी कुणाला हवी असते? एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाला, कारण दारू पाप आहे. आणि दुसऱ्या चोरट्या दारूवाल्याला, कारण त्या दिवशी परवान्याची दुकाने बंद असतात. आपल्याकडे आणायचे तर कीर्तनकार आणि हातभट्टीवाला. दारूबंदीच्या जिल्ह्यात राहिलेल्या वाचकाला पुढचे सांगायला नको. कीर्तनकार चव्हाट्यावर बोलतो, हातभट्टीवाला गप्प राहून खर्च उचलतो, आणि पुढाऱ्याला एकाच कायद्यात पुण्य आणि निवडणूक निधी दोन्ही मिळतात.

मित्र इथेच थांबला. यँडल थांबत नाही. कीर्तनकार ढोंगी आहे असे तो कुठेही म्हणत नाही. कीर्तनकार प्रामाणिकच असतो, म्हणून तर त्याचा उपयोग होतो. दोघांनी कधी भेटायचीही गरज नसते. यँडलचा मुद्दा वेगळा आहे : एक उद्दिष्ट गाठायला दहा नियम करता येतात, त्यांतला कोणता होणार हे गप्प बसलेला भिडू ठरवतो. अमेरिकेत १९७७ साली हवा शुद्धीचा कायदा सुधारला गेला. गंधक कमी करायचे तर पश्चिमेकडचा कमी गंधकाचा कोळसा जाळणे सोपे होते. पण त्यातून आलेल्या नियमांनी प्रत्येक नव्या वीज केंद्राला धूर धुणारी यंत्रणा सक्तीची केली, कोळसा कोणताही असो. मग स्वच्छ कोळशाला अर्थच उरला नाही आणि पूर्वेकडच्या गंधकी खाणी तगल्या. हवा शुद्ध व्हावी म्हणणारे मनापासूनच म्हणत होते.

आता इथेनॉल. तेलाची आयात घटवायची आणि धूर कमी करायचा, तर बस, लोकल, मालगाड्या असे कितीतरी रस्ते होते. सर्वांत जोरात धावला तो मिश्रणाचा. का, ते कारखान्याच्या हिशेबात दिसते. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, २०१८-१९ मध्ये क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ३५५ झाली. साखरेचा किमान विक्रीदर मात्र २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे अनेक वर्षे तिथेच अडला. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या काही आठवड्यांत देतात. थकीत ऊसबिले भागवण्याचा यापेक्षा सभ्य मार्ग कुणाला सुचला नसता. त्याला हिरवा रंग नंतर लागला.

आणि पाणी? नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात उसापासून एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लागते असे नोंदले आहे. २००१ साली इथेनॉल मिश्रणाचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतला एक मिरजेला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वे गेली, तीही मिरजेहूनच. लातूरच्या आसपास साखर कारखाने तेव्हाही होते.

इथवर मी मित्राच्याच वाटेने आलो. पण गल्ला दिसला की धोरण बाद, हा नियम लावला तर १९८७ चा माँट्रियल करारही बाद करावा लागेल. ओझोनचा थर खाणारी रसायने बनवणाऱ्या ड्यू पाँटने त्यांवरच्या बंदीला पाठिंबा दिला, तो पर्यायी रसायनांच्या बाजारावर डोळा ठेवून. तरी थर भरून येऊ लागला. म्हणजे लोभ असणे हा दोष नव्हे. लोभ आणि पुण्य यांच्या वाटा फुटतात त्या दिवशी सरकार कुणाबरोबर जाते, एवढेच पाहायचे.

आपल्याकडे तो दिवस ७ डिसेंबर २०२३ हा होता. साखर कमी पडणार, लोकसभा निवडणूक तोंडावर. केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली. आठवड्याभरात कारखान्यांच्या ओरडीने ती सैल झाली. साखरेचा भाव बोलला, कारखाने बोलले. धुराची बाजू मांडायला कुणी आले नाही. ब्राझीलने १९७५ मध्ये, तेल महाग आणि साखर स्वस्त झाल्यावर, हाच कार्यक्रम मोठ्या थाटात सुरू केला होता. १९८९ च्या सुमारास साखर महागली तेव्हा अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांना पंपावर इंधन मिळेना. आपण उसाऐवजी मक्याकडे वळलो, तर मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयात करू लागला, आणि कोंबडीपालक खाद्याच्या भावाने हैराण झाले.

म्हणून मित्राला उत्तर एवढेच. मळीपासूनच्या इथेनॉलला माझा विरोध नाही. उसाचे पाणी साखरेच्या खात्यात आधीच पडलेले असते, मळी त्यातून उरते; तिची दारू झाली काय आणि इंधन झाले काय. रसाचे तसे नाही, तिथे ऊसच इंधनासाठी लावला जातो. २०२४-२५ मध्ये सरकारने सी-हेवी, म्हणजे साखर काढून उरलेल्या, मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये दर ठरवला आणि रसाच्या इथेनॉलला ६५.६१. रसाला साखर सोडावी लागते म्हणून जास्त, हे कारण कारखान्याच्या हिशेबाचे आहे, पाण्याच्या नव्हे. धोरण खरोखर पर्यावरणासाठी असेल, तर वरचे हे साडेसात रुपये पहिल्यांदा काढून घ्या.