ओलावा उतरेपर्यंत

चामड्याचा एक गोल तुकडा समोर ठेवा. पंजाएवढा पुरे, जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. खाली दगड हवा. स्वयंपाकघराच्या ओट्यात सिंक बसवताना कापून काढलेला ग्रॅनाइटचा चौकोन दगडवाल्यांकडे पडून असतो, तो या कामाला उत्तम. स्विव्हल नाइफ म्हणजे फिरत्या पात्याची सुरी, चार-पाच ठसे, मोगरी, वाटीत पाणी आणि स्पंज. फोन दुसऱ्या खोलीत. अजून कशालाही हात लावू नका.

नुसतं पाहा. वरची बाजू गुळगुळीत वाटते, पण तुकडा उजेडात तिरका धरला की बारीक रेघा दिसू लागतात. कुठे गोचिडीच्या चाव्याचा ठिपका असतो, कुठे तारेनं ओरखडून पुन्हा भरून आलेली जागा. हे सगळं जनावर हिंडत-फिरत होतं तेव्हाचं. मानेच्या चामड्यावर आडव्या वळ्या असतात. पोटाचं ओढलं की ताणतं, म्हणून कोरीव कामासाठी पाठीचा भाग निवडतात. तो घट्ट आणि सरळ. आता तुकडा उलटा करा, आतल्या लवदार बाजूवरून अंगठा फिरवा. ही कुणाची तरी पाठ होती. इथे मन अडलं तर अडू द्या. ज्यांचं अडत नाही त्यांनीही एक श्वास थांबावं.

मग वास घ्या. झाडाच्या सालीचा, किंचित तुरट वास आला तर तुकडा आपल्या कामाचा. कातडं कमावण्याची जुनी रीत झाडांवर चालते. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, आणखी कुठे ओकची साल. सालीतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंमध्ये मुरतं, त्यांना सडू देत नाही. असं चामडं ओलं केलं की तंतू मऊ होतात, दाबाल तसे सरकतात आणि वाळल्यावर तिथेच बसतात. नक्षी टिकते ती यामुळे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत 1884 साली ऑगस्टस शुल्ट्झनं घेतलं आणि महिन्यांचं काम काही दिवसांवर आलं. ते चामडं मऊ, पाण्याला दाद न देणारं, पिशव्या-जॅकेटांना छान. पण त्यावर ठसा मारला तर थोड्या वेळानं ते पुन्हा होतं तसं होतं. धारावीच्या दुकानांत काय किंवा आणखी कुठे काय, विकत घेताना एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब मुरून डाग गडद झाला तर बहुधा सालीचं. कापलेल्या कडेत निळसर करडी रेघ दिसली तर क्रोमचं.

वासाचा विषय निघालाच आहे, तर थोडं इथेच बसू. महाराष्ट्रात चामड्याला हात लावणं हा छंद कधी नव्हता. मेलेलं जनावर ओढून नेणं महारांच्या वाट्याला, कातडं कमावणं ढोरांच्या, जोडे शिवणं चांभारांच्या. सगळ्यांच्या मळ्याला पाणी मात्र चामड्याच्या मोटेनंच मिळत होतं आणि देवळातल्या पखवाजावर चामडंच ताणलेलं होतं. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आपल्या लोकांना सांगितलं. गावकीची ती जनावरं ओढण्याची सक्ती झुगारणं हा त्यांच्या चळवळीचाच भाग होता. त्या कामाकडे पाठ फिरवण्यात माणूसपण होतं. आणि आज मी सुट्टीच्या सकाळी हौसेनं त्याच वस्तूवर फूल काढायला बसतो, तर मला नाक मुरडावं लागत नाही, कारण कुंडातलं, चुन्यातलं, केस आणि मांस खरवडण्याचं काम आधीच कुणीतरी उरकलेलं असतं. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. मानांकन वस्तूला मिळतं. तुकड्यावर हात ठेवा आणि आपल्याआधी यावर किती हात फिरले असतील ते मोजायचा प्रयत्न करा. मोजदाद लागणार नाही, तरी करा.

आता पाणी. स्पंज ओला करून संपूर्ण तुकड्यावर एकसारखा फिरवा, ठिपक्या-ठिपक्यांनी नको, नाहीतर डाग राहतात. बोटातली लोखंडी अंगठी काढून ठेवा. ओल्या चामड्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा डाग पडतो आणि तो सहजी जात नाही. कलमकारीतला काळा रंगही याच मेळातून होतो: कापडाला हिरडा, वरून लोखंडाचं पाणी. तिथे ती कला आहे, इथे नासाडी.

पाणी लावलं की चामडं गडद होतं. आता काहीही करायचं नाही. शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे, सुरीत नाही. भिजलेल्या चामड्यावर लगेच छेद दिला तर कड लगद्यासारखी होते, ठसा उमटतो आणि बुजतो. फार वाळू दिलं तर सुरी अडखळते, कुरकुरते. मधली एक वेळ असते. रंग कडेपासून परत फिका होऊ लागतो, जवळजवळ कोरड्यासारखा दिसतो, पण तुकडा गालाला लावला तर गार लागतो. पृष्ठभागाचं पाणी उडालं, गाभ्यात आहे, असा त्याचा अर्थ. मे महिन्यात नागपूरला ही वेळ पटकन येऊन जाते. जुलैत रत्नागिरीला बसलात तर एखादा पेपर वाचून होईल. पुस्तकात लिहिलेली मिनिटं कुणा दुसऱ्याच्या हवेची असतात. तुमचा गाल तुमच्या हवेचा. रंग परतताना पाहत राहा. मधेच लक्ष भटकेल. भटकलं की पुन्हा तुकड्याच्या कडेकडे या, कारण रंग आधी तिथूनच परततो.

गार लागलं? मग कागदावरचं फुलाचं चित्र टोकाच्या हत्यारानं चामड्यावर उतरवा आणि सुरी घ्या. तिची घडण वेगळी आहे: तर्जनी वरच्या खोबणीत बसते आणि दाब देते, अंगठा आणि मधलं बोट दांडी फिरवतात, करंगळी चामड्यावर टेकते. पातं आपल्याकडे ओढत यायचं. खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत. पातं लखलखीत नसेल तर ते ओढ घेतं, म्हणून दर थोड्या वेळानं पॉलिश चोळलेल्या चामड्याच्या पट्टीवर दोन-चार हात मारायचे. रेघ एका दमात काढा. पुन्हा त्याच छेदात जाऊन ती सुधारता येत नाही. दुसरी रेघ पहिलीच्या शेजारी पडते आणि मग दोन्ही दिसतात.

छेद दिल्यावर फुलाची नुसती बाह्यरेषा दिसेल, सपाट. मग बेव्हलर, म्हणजे उतरत्या तोंडाचा ठसा. त्याची जाड कड छेदात टेकवायची, उतार बाहेरच्या बाजूला, आणि मोगरीनं हलकेच ठोकत पुढे सरकायचं. आधीच्या ठशावर थोडा चढून पुढचा, म्हणजे पायऱ्या दिसत नाहीत. ओलावा बरोबर असेल तर ठोक्याखालचं चामडं तपकिरी होत जातं, त्यासाठी कुठलाही रंग लागत नाही. पाकळी पूर्ण फिरून झाली की थांबा आणि बोट फिरवा. डोळ्यांना वाटतं पाकळी वर आली. बोट सांगतं की ती होती तिथेच आहे, आजूबाजूचं खाली गेलंय. लाकडासारखा भुसा नाही, दगडासारखी कपची नाही. तुकड्यातलं काहीही कमी झालेलं नाही. माझ्या मते या कलेतलं सगळ्यात देखणं ते हेच. तयार झालेली नक्षी त्यापुढे दुय्यम.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात शेरिडन नावाचं गाव आहे. तिथल्या डॉन किंग या खोगीर बनवणाऱ्या कारागिरानं वाढवलेली शैली आज जगभरचे हौशी लोक गिरवतात. रानगुलाब, आणि त्यांचे देठ वर्तुळात वळत एकमेकांत गुंतत जाणारे. आपण मात्र एक फूल आणि त्याची साधी वेल यांवर थांबू. देठ काढताना पुढच्या वळणाकडे नजर ठेवा, पात्याकडे नको. अमेरिकेतल्या या छंदाच्या प्रसाराला एक वेगळीच किनार आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना तिथल्या लष्करी रुग्णालयांत चामड्याचं काम दिलं जाई, हात आणि मन कामाला लागावं म्हणून. हवाईत नौदलात असलेल्या चार्ल्स टँडीनं ते पाहिलं, आणि युद्धानंतर टेक्सासमधल्या घरच्या धंद्याला या छंदाच्या साहित्याकडे वळवलं. धंदा म्हणून तो फळला. पण रुग्णालयातल्या खाटेवर बसून, थरथरत्या हातानं बेव्हलर ठोकणारा कुणी अनामिक मला त्या धंद्यापेक्षा जास्त जवळचा वाटतो. ठोक्याला ताल लागला की श्वास त्याच्यामागून येतो, हे त्याला कुणी शिकवलं नसणार.

तुमचाही श्वास आता पाहा. ठोका, सरकणं, ठोका. चामडं कोरडं पडतंय असं वाटलं तर ओला स्पंज जरासा फिरवा, भिजवू नका. पार्श्वभूमीच्या ठशानं फुलामागची जागा बसवा. तो कंटाळवाणा भाग आहे, होऊन जाऊ द्या. मोकळ्या हातानं द्यायचे शोभेचे छेद, पाकळीच्या मध्यातून निघून बारीक होत विरणारे, सगळ्यात शेवटी. त्यांत चुकायची भीती जास्त, म्हणून आधी एखाद्या कात्रणावर हात बसवून घ्या. कात्रणं फेकू नका, वर्षभर पुरतात.

काम झालं की तुकडा सपाट ठेवून सावकाश वाळू द्या, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नाही, तो आखडतो. दुसऱ्या दिवशी कापडाच्या बोळ्यानं तेलाचा अगदी पातळ हात. तेल जास्त झालं तर चामडं मऊ पडून नक्षीची धार बसते, आणि मुरलेलं तेल परत काढता येत नाही. कडा किंचित ओल्या करून जाड कापडानं घासा, चमक येईपर्यंत. कड घासायला फुलाइतकाच वेळ लागतो, तो आधीच धरून चाला.