ऋषिऋण कोणी फेडायचं?

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची, अशा एकूण 30. पुण्याहून पीएच.डी. करणारी एक ताई आमच्या वर्गावर यायची. सातवीतल्या मुलीनं तिला विचारलं, "ताई, तबकडी जाळीची कशी? लहरी भोकांतून निसटत नाहीत का?" ताईनं ट्रान्झिस्टर सुरू केला आणि सगळ्या बाजूंनी तारेच्या जाळीत गुंडाळला. बातम्या गेल्या, खरखर उरली. मग फळ्यावर 21 सेंटिमीटरची रेघ ओढली. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी लहर एवढी लांब; तिच्यापुढे जाळीचं भोक इवलंसं, म्हणून ती परत फिरते. वारा तेवढा आरपार जातो.

"मग हायड्रोजनची ही लहर आपल्या डोळ्यांना का दिसत नाही?" घंटा झाली. ताई म्हणाली, पुढच्या वेळी बघू. दरम्यान तिचा प्रबंध झाला आणि ती परदेशी गेली. तिचं काहीच चुकलं नाही. पण मुलीला दिलेल्या शब्दाचं काय?

ऋषींचं ऋण अध्ययनानं फेडायचं, ही कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदात तर शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू बजावतात, की शिकण्यात आणि शिकवण्यात कसूर करू नकोस. मला हे पटतं. पटत नाही ते गीतेचा आधार घेऊन काही जण सांगतात ते: तास घ्यावा, फळाची आशा न धरता निघून जावं. मूल पुढे शास्त्रज्ञ होणं हे फळ. त्याची आशा खुशाल सोडावी. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र फळ नव्हे, ते अर्धवट राहिलेलं कर्म आहे.

संशोधक पाच-सहा वर्षांत जाणार, मुलं दरवर्षी वरच्या वर्गात जाणार, माझीही बदली होणार. मग शब्द पाळणारं उरतं कोण? मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाला यावर वाट सापडली होती. मुलं 'सवालीराम' या नावानं पत्रं टाकत आणि त्यांना उत्तरं येत. या नावाचा माणूस नव्हताच. लिहिणारे बदलत, पत्त्यावरचं नाव तेच. सरकारनं 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझ्या मते हे ऋण एकट्या संशोधक विद्यार्थ्याच्या डोक्यावर ठेवू नये. ते त्याच्या विभागाचं आणि आमच्या शाळेचं आहे. वर्गात प्रश्नांची वही असावी, बदली झाली तरी ती शाळेतच राहावी. जाणाऱ्या संशोधकानं येणाऱ्याला सोबत आणून शेवटचा तास घ्यावा, नव्यानं पहिला तास वहीतल्या राहिलेल्या प्रश्नापासून सुरू करावा. आणि मार्गदर्शकांनी हा वेळ संशोधनाच्या कामातच धरावा, मेहेरबानी म्हणून नव्हे. ती मुलगी आता आठवीत आहे आणि तिचा प्रश्न वहीत पहिल्या पानावर आहे.