स्वस्थ बसलेला मेंदू

चि. छकुलीस,

सकाळी काय खाल्लं ते आजीला आठवत नाही, पण १९७२च्या दुष्काळात सुकडी वाटायला कोण यायचं ते ती बिनचूक सांगते, हे कसं, असं तू विचारलंस. अगं, जुन्या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात केव्हाच मुरलेल्या असतात. नवी आठवण मात्र आधी मेंदूच्या आतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला धरून ठेवावी लागते, आणि अल्झायमर बहुधा त्याच्याच उंबरठ्यावर टाऊ प्रथिनाचे गुंते करत येतो.

मी पहाटे उठून ओट्यावर नुसता बसतो, त्याला तू ‘रिकामं बसणं’ म्हणतेस ना? (म्हण बापडी.) पण सेंट लुइसच्या मार्कस रेकल यांनी २००१ साली दाखवलं, की माणूस स्वस्थ असताना मेंदूतली काही ठिकाणं उलट जास्त जागी असतात, मागचं आठवणं, पुढचं मनात आणणं हे त्यांचंच काम. शरीराच्या शक्तीतला पाचवा हिस्सा मेंदू एकटा खातो, आणि आपण कामाला लागलो की त्यात जेमतेम भर पडते. माझ्यासारख्या काटकसरी माणसाला हा हिशेब पचायला वेळच लागला. पुढे २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल ग्रीशियस यांना सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये याच ठिकाणांच्या जाळ्याचा हिप्पोकॅम्पसशी असलेला मेळ ढिला झालेला दिसला. म्हणजे गावं बरीचशी जागच्या जागी, पण मोठ्या डेपोतून सुटणाऱ्या एसटीच्या फेऱ्या कमी झालेल्या; गाडी येते, उशिरा येते, कधी येतच नाही.

म्हणून बाळा, आजी शब्दापाशी अडली की तो तू पुरवू नकोस, क्षणभर थांब. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे तुझ्या तोंडून येणार नाही, ते मला ठाऊक आहे. धास्ती आहे ती तुझ्या घाईची. ‘आजोबा, उद्याच तिच्या मेंदूची जोडणी मोजून घेऊ’ असं तू लिहिलंस. ही मोजणी अजून मुख्यतः संशोधकांची. अनेकांची सरासरी काढली की फरक दिसतो, एकट्या माणसाचं निदान त्यावर होत नाही. त्यातून स्कॅनच्या यंत्रात कितीतरी मिनिटं निश्चल पडून राहायचं, मान जरा हलली तरी आकडे बिघडतात, आणि तुझी आजी डास नसतानाही डास मारते!

डॉक्टर आधी बोलतील, शब्द लक्षात ठेवायला देतील, बी-१२ आणि थायरॉईड तपासतील, ती उदास असते का, ऐकू नीट येतं का, हे विचारतील. साधा स्कॅन लागला तर तेच सांगतील. तू शुक्रवारी रात्रीच ये. शनिवारी दहाची वेळ मिळाली आहे आणि तिच्या डब्यातल्या सगळ्या गोळ्यांची यादी करून न्यायची आहे. झोपेच्या गोळीनेही विसर वाढू शकतो, तेव्हा तीही त्यात लिही.

तुझे आजोबा